गेटपर्यंत एक कांडी

लिओनाने मढ गावातल्या लग्नाच्या जुन्या गाण्यांची वेबसाइट करायला घेतली ती ऑलिव्हमावशीमुळे. मावशी एकाहत्तर वर्षांची. तिने बावीस गाणी म्हटली, लिओनाने ती रेकॉर्ड केली आणि रजा टाकून तीन दिवस लॅपटॉपला चिकटून बसली.

शनिवारी सकाळी साइट तिच्या लॅपटॉपवर झकास चालायला लागली. लिओनाने पत्ता मावशीच्या फोनवर पाठवला.

"उघडत नाय गं," मावशी स्वयंपाकघरातून म्हणाली.

लिओनाने पाहिलं, तिने 'लोकलहोस्ट', म्हणजे 'हेच मशीन' असा पत्ता पाठवला होता. "माझंच चुकलं. या पत्त्यावर तुझा फोन साइट स्वतःच्याच पोटात शोधतोय."

"माझ्या फोनात कुठून येणार ती?"

"तेच ना."

मग तिने लॅपटॉपचा वायफायवरचा नंबर पाठवला. तरी उघडेना. साइट चालवणारा सर्व्हर फक्त लॅपटॉपचंच ऐकत होता. घरातल्या सगळ्या फोनांचं ऐक असं सांगून तिने तो परत चालू केला, फायरवॉलने परवानगी मागितली ती दिली, आणि स्वयंपाकघरात मावशीचा आवाज घुमला.

मावशीने लगेच ती लिंक गावातल्या बायकांच्या ग्रुपवर टाकली. पाच मिनिटांत शेजारच्या रत्नप्रभाचा फोन आला, उघडत नाही म्हणून.

"ती फक्त आपल्या वायफायवर उघडते, मावशी. बाहेर नाही."

लिओनाला वाटलं, विषय संपला. मावशीने ग्रुपवर लिहिलं, "गाणी आमच्या घरीच मिळतील. फोन घेऊन या."

अकरापर्यंत ओटीवर चौदा बायका जमल्या. लिओना एकेकीला पासवर्ड सांगत फिरली. आयव्ही तेवढी गेटबाहेर उन्हात उभी राहिली. सहा वर्षांपूर्वी एका लग्नात पहिलं गाणं कोणी सुरू करायचं यावरून तिचं आणि मावशीचं वाजलं होतं, तेव्हापासून बोलणं बंद. रत्नप्रभाने बाहेर जाऊन तिच्या फोनात पासवर्ड घातला. गेटपाशी वायफायची एकच कांडी येत होती, पण येत होती.

आयव्हीने फोन कानाला लावून बराच वेळ ऐकलं. मग तिथूनच म्हणाली, "चौदावं गाणं चुकलंय."



"काय चुकलं?" मावशीने विचारलं.

"हळदीच्या दोन ओळी खाल्ल्यास."

मावशी मनात गाणं म्हणत राहिली. ओठ हलत होते. मग थांबले. "खाल्ल्या खऱ्या," ती म्हणाली. "आत ये आणि म्हण."

आयव्ही आत आली. पहिली ओळ तिने एकटीने म्हटली, दुसऱ्या ओळीला मावशीने साथ दिली. लिओनाने रेकॉर्ड केलं आणि तिथल्या तिथे साइटवर चढवलं. बायकांनी आपापल्या फोनवर ते पुन्हा लावलं, प्रत्येकीचं थोडं मागेपुढे, त्यामुळे ओटीवर नुसता गोंधळ झाला.

"खाली नावं कशी लिहू?" लिओनाने विचारलं. "मुळाक्षरांप्रमाणे आयव्ही आधी येते."

मावशीने आयव्हीकडे पाहिलं. "येऊ दे," ती म्हणाली. "पण फक्त चौदाव्याला."