खळ दिलेल्या गवसण्या

"मारा की शिक्का, बाई. टेम्पो चालू ठिवलाय म्या भाईर," मानसिंग दारातूनच ओरडला.

रतनने 'पास'चा शिक्का मुठीत घट्ट धरला होता. समोर सतरंजीवर दीडशे गवसण्या रचलेल्या. बंदुकीवरच्या दुर्बिणीला घालायच्या लांबट, आणि नळीखाली बसवलेल्या बॅटरीला घालायच्या आखूड. आखुडांना भोरच्या शिवणवर्गात सगळ्या जणी टोपडी म्हणत. बाहेरून हिरवा कॅनव्हास, आतून मांजरपाटाचं अस्तर, तोंडाशी नाडी. एकाहत्तरचा डिसेंबर होता. लढाईला तोंड लागून आठवडा झाला होता आणि पुण्याच्या ठेकेदाराचा हा माणूस रोज फेरी मारत होता.

"ह्यांना काय केलंय?" रतनने विचारलं.

मशिनी थांबल्या. लेकीच्या तापामुळे ती दोन दिवस आली नव्हती. आजही तुळईला बांधलेल्या झोळीतल्या लेकीचा श्वास ऐकायला ती दर थोड्या वेळाने उठत होती. तिच्या माघारी मऊ अस्तर पापडासारखं ताठ झालं होतं. बोटाने दाबलं की कडकन मोडत होतं.

"खळ दिली म्या," सगुणाबाई अभिमानाने म्हणाली. वर्गातली सगळ्यांत वयस्कर बाई ती, वेल्ह्याकडची. "नव्या आंबेमोहराची. चांगली दाट कांजी काढली, बुडवून वाळवल्या, वर इस्त्री. लष्कराचा सायेब बगणार, अन् त्याच्या म्होरं बोळं ठिवायचं व्हय?"

"बगा की, कशा दिसत्यात!" मानसिंगने एक गवसणी उचलून हवेत नाचवली. "दुकानातल्यावानी. सायेब खूश हुईल."

"साहेब खूश होईल. दुर्बीण नाही होणार," रतन म्हणाली. "परत धुवायला पाहिजेत."

ठकुबाईने तोंडातला दोरा थुंकला. "घ्या! आमी दोन दिस हात भाजून घेतलं, अन् ह्या म्हणत्यात धुवा. कालिजात शिकल्यावर भाताला बी नावं ठेवत्यात वाटतं?"

दोघीचौघी हसल्या. रतनचे कान तापले. उत्रोलीच्या बौद्धवाड्यातली ती पहिली बी.ए. पदवीचा कागद दोन वर्षं ट्रंकेत पडून होता, तेव्हा कुठे हे तपासनिशीचं काम मिळालं होतं. पहिला महिनाभर तिच्या हातचं पाणी प्यायलाही काही जणी आढेवेढे घेत. आता कुठे ठकुबाई आपल्या डब्यातली चटणी पुढे सरकवायला लागली होती. गप्प बसून शिक्का मारला असता तर चटणीही राहिली असती आणि नोकरीही.

"मावशी, खळीने काय काय चिकटवतो आपण?" तिने सगुणाबाईला विचारलं.

"पाकिटं. पतंग. आन् काय?"

"आणि पाऊस पडला, दव पडलं, खंदकात पाणी साठलं, तर ही खळ ओली होणार नाही?"

"न्हाई व्हनार," मानसिंग म्हणाला. "भाईरनं कॅनव्हास हाय. बाई, लढाई काय तुमच्या धुण्यापायी थांबनार हाय का? तिथं पोरं उघड्या दुर्बिणी घिऊन बसल्यात."

हे बोलणं मात्र तिला लागलं. ते खोटं नव्हतं. क्षणभर तिचा हात शाईच्या गादीकडे गेलासुद्धा. मग तिची नजर मानसिंगच्या शर्टाच्या खिशाला अडकवलेल्या काळ्या गॉगलवर पडली. भोरच्या बाजारात तसा दुसरा नव्हता.

"तो द्या जरा इकडे."

"कशापायी?"

"तुमचं म्हणणं खरं आहे ना? मग भ्यायचं कशाला?"

बायका खुदकन हसल्या. आता मागे हटणं मानसिंगला परवडणारं नव्हतं. त्याने गॉगल दिला. रतनने एका लांब गवसणीत ओंजळभर पाणी शिंपडलं, गॉगल आत सरकवला, अस्तर काचेला चापून बसेल अशी बाहेरून नाडी आवळली आणि ती गवसणी ओट्यावर उन्हात ठेवली. मग लेकीला झोळीतून काढून मांडीवर घेऊन ती शेजारीच बसली. कुणी हात लावू नये म्हणून.

तासभर कुणी मशीन चालवली नाही. मानसिंगने दोन विड्या ओढल्या आणि बाहेर जाऊन टेम्पो बंद करून आला.

गवसणी खडखडीत वाळली तशी रतनने ती त्याच्याच हातात दिली. त्याने गॉगल ओढला. निघेना. जोर लावला तेव्हा चर्र आवाज करत तो सुटला. दोन्ही काचांवर पांढरा पापुद्रा, त्यात मांजरपाटाची लव चिकटलेली. त्याने रुमालाने पुसलं तसा तो जास्तच फासला गेला.

"घाला डोळ्याला," रतन म्हणाली. "दिसतंय का?"

"काय दिसायचं?"

"समोरचा माणूस. बंदूक रोखून बसलेला."

त्याने गॉगल खिशात कोंबला.

मानसिंगचा चेहरा लाल झाला. "ही नाटकं मला नगंत. माल आज ग्येला पायजे. न्हाईतर उद्यापास्नं तुमी हितं याचं न्हाई. शिक्का दुसऱ्या कुणाकडं बी दिऊ आमी."

"उद्याचं उद्या बघा. आज शिक्का माझ्याकडे आहे."

"पुण्याला लिवतो म्या. ह्या बाईनं माल अडवला म्हून."

"लिहा. नाव नीट लिहा माझं."

तिने वही ओढली, लेकीला डाव्या काखेत धरून उजव्या हाताने रेघ मारली आणि मोठ्या अक्षरात लिहिलं: दीडशे नग नापास, कारण खळ. खाली पूर्ण सही केली. मानसिंग पायऱ्या उतरून गेला. टेम्पो रिकामाच गेल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

आता बायका तिच्याकडे पाहत नव्हत्या. पाहत होत्या सगुणाबाईकडे. म्हातारी मान खाली घालून एका टोपड्याची घडी नीट करत होती.

"मावशी, तुम्ही मुद्दाम केलं नाही," रतन जवळ जाऊन म्हणाली.

"मुद्दामच क्येलं." सगुणाबाईने नाकाला पदर लावला. "माजा पोरगा सोपान तिकडं लढाईवर हाय. कुठं हाय, ते बी कळवत न्हाई. म्हटलं, दीडशात एकांदी त्याच्या हातात यील. आंबेमोहराचा वास आला की वळखंल, आपल्या हिकडची हाय. म्हून दाट काढली गं पोरी."

अख्ख्या वर्गाशी भांडता आलं असतं, ह्याच्याशी कसं भांडणार?

"धुतली की वास जाईल," रतन म्हणाली. खोटा धीर देणं तिला जमलं नाही.

"ठावं हाय मला." सगुणाबाई उठली. गुडघ्यावर हात टेकत तिने सतरंजीची चारी टोकं एकत्र केली, गाठ मारली. "ठके, उचल ती बाजू. ऊन हाय तवर झालं पायजे."

ठकुबाई उठली. मग बाकीच्या उठल्या.

नीरेच्या काठावर खडकांवर रांगेने बसून त्यांनी दीडशेच्या दीडशे गवसण्या उलट्या करून धुतल्या. साबण नाही, नुसत्या चोळायच्या आणि पिळायच्या, तीन तीन पाण्यांतून. रतनने पोर पाठीशी बांधली आणि ती गुडघाभर पाण्यात उतरली. पहिल्या पाण्याला सगळ्यांच्या हातांखालून पांढरट धार निघाली आणि प्रवाहाला लागली. बारके मासे कुठून कुठून गोळा झाले आणि त्या धारेत तोंडं घालून टिपू लागले. सगुणाबाईचे हात थांबले. कण्या टिपणाऱ्या कोंबड्यांकडे पाहावं तशी ती त्या माशांकडे पाहत राहिली. मग तिने पुढची गवसणी उलटी केली.