लताबाईंचा वांग

लताबाईंच्या दोन्ही गालांवर वांग होता. पियुष पोटात असताना आला, आणि तो पोरगा शिकून पुण्याला नोकरीला लागला तरी गेला नाही. नशिराबादजवळच्या त्यांच्या खेड्यात वांग असलेल्या बाया काही कमी नव्हत्या. केळीच्या बागेत, कापसाच्या वावरात दिवसभर ऊन खायचं म्हटल्यावर कोण चेहऱ्याकडे बघतं? पण लताबाई बघायच्या. मसुराच्या डाळीचं पीठ लावून झालं, दुकानातली कुठलीशी ट्यूब लावून झाली. त्या ट्यूबने तर डाग आणखीच काळवंडले. लग्नात कोणी फोटो काढायला लागलं की त्या पदर गालापर्यंत ओढून घ्यायच्या.

लेक ज्योत्स्ना धुळ्याला देवपुरात राहायची. तिथल्या एका कातडीच्या डॉक्टरीणबाईंचं ती नेहमी कौतुक करायची. एकदा फोनवर लताबाईंनी हळूच विचारलं, "तुह्या त्या डॉक्टरीणबाई वांग काढतात का गं?"

ज्योत्स्ना म्हणाली, "आई, ये तू. मी नेते."

पहिल्या भेटीत डॉक्टरीणबाईंनी नुसती मलमं दिली. एक रात्री लावायचं, एक उन्हात जाण्याआधी. वरची कातडी औषधाने सोलून काढायची तर आधी तयारी करावी लागते, म्हणाल्या. लताबाईंनी दोन्ही ट्यूबा बेसनाच्या डब्यामागे लपवल्या. झिपरूभाऊंना काहीच सांगितलं नाही. नवरा वाईट नव्हता, पण भारी थट्टेखोर. पारावर बसून जगाची टोपी उडवायचा. या वयात बायको चेहरा सोलून घेते म्हटल्यावर तो काय काय बोलेल, याची लताबाईंना आधीच लाज वाटायची.

थंडी पडल्यावर "लेकीकडे आठ दिवस राहून येते" असं सांगून त्या धुळ्याला गेल्या.

डॉक्टरीणबाईंनी त्यांचा चेहरा स्वच्छ पुसला, डोळ्यांवर ओला कापूस ठेवला, ओठांच्या कडांना व्हॅसलीन लावलं आणि ब्रशने औषध फिरवलं. आधी गार वाटलं. मग मिरच्या कुटलेला हात लागावा तसे गाल चुरचुरू लागले. लताबाईंनी लेकीचा हात घट्ट धरला. थोड्या वेळाने औषध पुसून घेतलं, गार पाण्याच्या घड्या ठेवल्या आणि आग विझली.

"एवढंच?" लताबाई म्हणाल्या.

"खरं काम आता पुढे आहे," डॉक्टरीणबाई हसल्या. "दोन-तीन दिवसांनी पापुद्रे निघतील. चेहरा आधी आणखी काळा दिसेल, घाबरायचं नाही. ओढायचं नाही, खाजवायचं नाही, उन्हात जायचं नाही. ओढलंत तर नवे डाग पडतील."

पापुद्रे निघायला लागले ते तोंडाच्या कडेपासून. कातडी तपकिरी, ताणलेली, पातीच्या कांद्याच्या सालीसारखी सुटलेली. लताबाईंनी आरशावर टॉवेल टाकून ठेवला.

आणि नेमके त्याच दुपारी झिपरूभाऊ दारात उभे राहिले. हातात केळ्यांची मोठी फणी. घरात एकट्याला करमेना, म्हणून जळगावहून एसटीत बसून आले होते. लताबाईंना पदर घ्यायलाही सवड मिळाली नाही.

फणी तिथेच खाली ठेवून ते पुढे आले.

"काय झालं तुले? तेल उडालं? भाजलं?" त्यांचा आवाज फाटला. "ज्योत्स्ना! तुह्या मायले दवाखान्यात नाही नेलं का?"

"नाना, दवाखान्यातूनच आलीये ती," ज्योत्स्ना म्हणाली आणि तिने सगळं सांगितलं.

झिपरूभाऊ खुर्चीत बसले. लताबाईंनी खालमानेने म्हटलं, "हसा आता."

"मी हसलो असतो असं वाटलं तुले?"

"हसलेच असते तुम्ही."

"हो," ते जरा थांबून म्हणाले, "हसलो असतो. मंग संग आलो असतो ना पण."

लताबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. खारं पाणी गालावर उतरलं तसं चुरचुरलं, आणि त्यांचा हात आपसूक वर गेला. झिपरूभाऊंनी तो मनगटाशी धरला.

"हात नको लावू. डॉक्टरीण नाही म्हणाली ना?"

त्या दिवशी परत जायचं त्यांनी नावच काढलं नाही. पापुद्रे निघेपर्यंत लेकीकडेच राहिले. लताबाईंना खाज सुटली की समोर बसून गावातल्या गमती सांगत राहायचे. कोणाची म्हैस कोणाच्या बागेत शिरली, पारावर कोण कोणाशी भांडलं. हसताना कातडी ताणायची, म्हणून लताबाई ओठ दाबून हसायच्या. गच्चीवर कपडे वाळत घालायला झिपरूभाऊ जायचे. शेजारच्या बायका बघायच्या. ते खुशाल बघू द्यायचे.

शेवटचा पापुद्रा गळाला तेव्हा आतली कातडी गुलाबी, मऊ निघाली. वांग पुरता गेला नव्हता. गालाच्या उंचवट्यावर फिकट सावली राहिलीच. आणखी तीन-चार वेळा यावं लागेल, ऊन सांभाळलं नाही तर पुन्हा येऊ शकतो, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं.

परतीच्या एसटीत झिपरूभाऊंनी बायकोला उन्हाची खिडकी दिली नाही. नशिराबाद जवळ आलं तेव्हा म्हणाले, "कोनी विचारलं तर तेल उडालं म्हनू?"

"नको," लताबाई म्हणाल्या. "मी सांगीन."

दुसऱ्या दिवशी सकाळीच शेजारच्या सुनंदाबाई आल्या. लताबाईंच्या चेहऱ्याकडे टक लावून बघितलं. लताबाईंनी सरळ सांगून टाकलं. सुनंदाबाई पदर तोंडाला लावून हसल्या, "अगो माय! या वयात?"

लताबाईंनी चहा ठेवला. सुनंदाबाईंचं हसू ओसरलं. दाराकडे एकदा बघून त्यांनी पदर मागे सारला. त्यांच्या कपाळावर कानशिलापर्यंत वांगाचा काळा पट्टा होता.

"दुखते का वं?" त्यांनी विचारलं.

"जराशी आग होते," लताबाई त्यांच्याजवळ सरकल्या. "पन तेवढीच. खरं अवघड पुढंच हाये. ऐक, सांगते तुले..."