डाळिंबाची तीन वर्षं

जुडाहना कुठल्याही गोष्टीचा नकाशा काढल्याशिवाय चैन पडत नाही. बंदराच्या कचेरीत जन्मभर ड्राफ्ट्समन होते, ते ठीक. पण निवृत्त झाल्यावर हा माणूस फ्रिजमध्ये भांडी कशी रचायची याचाही आराखडा करतो, आणि मी तो मोडते. आमचा संसार असाच चाललाय. त्यामुळे इमारतीच्या गच्चीवर बाग करायचं त्यांनी मनावर घेतलं तेव्हा सुरुवातीचे कित्येक महिने तिथे साधी पुदिन्याची काडीही आली नाही. आले ते कागद.

कॉलम कुठून वर येतात, बीम कुठून जातात, हे त्यांनी शोधून काढलं. जड ड्रम फक्त कॉलमच्या डोक्यावर ठेवायचे. मधल्या भागात भाजीचे हलके क्रेट. नुसती माती नाही, निम्मं नारळाच्या भुशाचं कोकोपीट आणि सुका पाला, म्हणजे स्लॅबवर ओझं कमी. प्रत्येक ड्रमखाली विटा, म्हणजे पाणी जाळीकडे वाहून जाईल आणि खाली हात घालून बघता येईल. लिंबू किती वर्षांनी बदलायचं, शेवगा कधी छाटायचा, दर पावसाळ्याआधी कुणाची मुळं कापायची, सगळं ठरलेलं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ते म्हणाले, बाग लावणं हे चार दिवसांचं काम आहे. ती वीस वर्षं टिकवणं हे खरं काम. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत.

कारण मला जायचं होतं. आमची एकुलती एक मुलगी अविटल इस्रायलला, अश्दोदला असते. तिची मुलगी तमार मला फोनच्या पडद्याएवढीच माहीत. आमच्या बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांतले निम्मेअधिक केव्हाच तिकडे गेलेत. पनवेलच्या सिनेगॉगमध्ये सणासुदीलाही बाकं रिकामी असतात. शेजारीपाजारी विचारतात, तिकडे सायरन वाजतात, भीती नाही का वाटत? वाटते ना. माझी मुलगी तिथे आहे म्हणून वाटते, आणि म्हणूनच मला इथे बसवत नाही. जुडाह कधी नाही म्हणाले नाहीत. नाही म्हणणारा माणूस बरा, त्याच्याशी भांडता तरी येतं. हे म्हणायचे, जाऊ ना, बघू.

शेवटी एके दिवशी मी हातातलं लाटणं आपटलं आणि त्यांना म्हटलं, कधी ते सांगा. ते गच्चीवर गेले, बऱ्याच वेळाने खाली आले आणि म्हणाले, डाळिंब लावतो. त्याचं खाता येईल असं पहिलं फळ नव्याच्या सणाला खाऊ आणि तिकिटं काढू.

नव्याचा सण म्हणजे आमचं नवं वर्ष. त्या संध्याकाळी त्या हंगामातलं नवं फळ खातात, बहुतेक डाळिंबच. आता कुणी म्हणेल, मग बाजारातून आणा. पण जुडाहना घरच्या झाडाचंच हवं होतं, आणि घरच्या झाडाला त्यांच्याकडे एक नियम आहे. झाड लावल्यापासून तीन वर्षं त्याचं फळ खायचं नाही, कुणाला द्यायचंही नाही. आणि झाड उपटलं, मुळांची माती झडली आणि मग पुन्हा लावलं, तर मोजणी पहिल्यापासून सुरू. नियम धर्मग्रंथातलाच आहे, पण माझ्या माहेरी तो कुणाच्या गावीही नव्हता. आमच्या दारातला पेरू दुसऱ्याच वर्षी फस्त व्हायचा. आपटा या त्यांच्या गावी जुडाहच्या वडिलांनी मात्र तो जन्मभर पाळला, आणि जुडाहनीही. बाकी बाबतीत हा माणूस काही फार सोवळा नाही. पण झाडाच्या बाबतीत एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

मी कबूल झाले. तीन वर्षं म्हणजे काही थोडी नव्हेत, पण 'बघू'पेक्षा बरी. निदान त्यांना शेवट होता.

बाग मात्र छान झाली, हे मला मान्य करावंच लागेल. सगळ्यांत वरच्या मजल्यावरच्या चारुताला गच्चीवरचं अळू मिळायचं, सगळ्या इमारतीला कढीपत्ता. चारुता शाळेत शिकवते, मला मावशी आणि जुडाहना काका म्हणते, आणि सुट्टीच्या दिवशी त्यांच्या हाताखाली क्रेट उचलायला जाते. दर मे महिन्यात दोघं मिळून एकेक ड्रम आडवा करायची, बाहेर डोकावणारी मुळं कापायची, नवं खत भरून पुन्हा विटांवर ठेवायची. फक्त डाळिंबाला हात लागत नसे. उचलताना माती झडली तर? मोजणी मोडली तर? लावलं त्या दिवशी विटा कमी पडल्या होत्या, म्हणून तो एक ड्रम नुसता गच्चीवर टेकवला होता, तोही तसाच राहिला. सगळ्या बागेला नियम लावणाऱ्या माणसाने आपल्या सगळ्यांत लाडक्या झाडाला तेवढी सूट दिली. दुसऱ्या वर्षी त्याला लाल कळ्या आल्या तेव्हा त्यांनी त्या स्वतःच्या हाताने खुडल्या. तिसऱ्या वर्षीही खुडल्या. चौथ्या वर्षी खुडल्या नाहीत. मी गुडघा धरत धरत वर जाऊन त्या कळ्या बघून आले. मनातल्या मनात मी सामानही बांधायला घेतलं होतं.

त्याच उन्हाळ्यात चारुताच्या स्वयंपाकघराच्या छताला ओल आली. आधी बशीएवढा डाग होता, मग पोपडे डाळीच्या डब्यात पडायला लागले. तिने बिचारीने तक्रारही केली नाही, डबे हलवले. पण सोसायटीने गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा निर्णय घेतला आणि उलव्याकडच्या काशिरामला बोलावलं. तो आला, सगळे ड्रम एका बाजूला सरकवले, आणि डाळिंबापाशी येऊन अडला. ड्रम जागचा हलेना. ड्रमच्या भोकातून मुळं खाली उतरली होती आणि गच्चीच्या कोब्यात शिरली होती. चारुताच्या डाळीत पडणारे पोपडे आमच्या डाळिंबाने पाडले होते.

हे मला जुडाहनीच सांगितलं, जेवायला खाली आले तेव्हा. मान खाली घालून जेवले. पुन्हा वर गेले आणि संध्याकाळी परत आले ते घामाने आणि चिखलाने माखलेले.

मी विचारलं, "झाड?"

"आहे. मुळं कापली, ड्रम बदलला."

"आणि माती?"

"मातीचा गोळा तसाच निघाला," असं म्हणून ते आंघोळीला गेले. नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला. मी सुटकेचा श्वास टाकला आणि त्यांच्या आवडीची मच्छी करायला घेतली.

पाऊस लागल्यावर एका दुपारी चारुता तिचं कोरडं झालेलं छत दाखवायला मला वर घेऊन गेली. चहा ओतता ओतता म्हणाली, "मावशी, काका खरंच धीराचे. ड्रम कापल्यावर सगळी माती भसकन खाली आली. मुळं अगदी धुतल्यासारखी उघडी. काशिराम म्हणाला, 'काका, हे जगंल का नाय ते आमी सांगू शकत नाय.' काका बराच वेळ खालीच बसून राहिले, मग ओलं पोतं गुंडाळून घेतलं त्याला, लेकरासारखं."

मी चहा प्यायले. छत फार छान झालंय, म्हणाले. जिना उतरताना गुडघा दुखतोय हेही माझ्या लक्षात आलं नाही.

म्हणजे मोजणी मोडली होती. त्यांना ते माहीत होतं आणि त्यांनी मला सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा मी रागावले. माझ्याशी खोटं बोलले म्हणून. मग कळलं की खोटं कशासाठी बोलले. सांगितलं असतं तर आणखी तीन वर्षं. कायदा त्यांच्या बाजूने होता, मला तोंड उघडायला जागा नव्हती. ते त्यांनी केलं नाही. वडिलांनी जन्मभर जपलेली गोष्ट ते सणाच्या ताटावर बसून मोडणार होते, माझ्यासाठी, आणि मला कळूही न देता.

आणि मला फक्त गप्प राहायचं होतं. हे फार सोपं होतं. काही करायचं नाही, काही बोलायचं नाही, भाकरी आयती ताटात. मी गप्प राहिलेही. पावसाळाभर राहिले. नवी बॅग आणली. नव्या विमानतळाची विमानं हल्ली आमच्या डोक्यावरून जातात. प्रत्येक विमानाला मी मान वर करून बघायचे. अविटलला फोनवर सांगायचे, झाडाला दोन फळं टिकलीत. बाकीची गळाली होती, पण ही दोन मोठी होत होती, लाली धरत होती. जुडाह रोज वर जायचे आणि झाडाबद्दल काही बोलायचे नाहीत. रात्री अंथरुणात आम्ही दोघंही जागे असायचो, हे दोघांनाही माहीत होतं. इतक्या वर्षांच्या संसारात माणूस झोपल्याचं सोंग करतो ते दुसऱ्याला सहज कळतं.

नव्याच्या सणाला मी गव्हाच्या चिकाचा हलवा केला, नारळाच्या दुधातला. टेबलावर पांढरी चादर घातली. सफरचंद आणि मध, खजूर, लाल भोपळा, आणि मधोमध बशीत ती दोन डाळिंबं. दोघांच्या घरात एवढं ताट मांडलं की घर जास्तच रिकामं वाटतं. जुडाहनी पांढरा सदरा घातला होता, टोपी नीट केली, प्रार्थना म्हटली. सफरचंद झालं, खजूर झाला. मग त्यांनी डाळिंब हातात घेतलं आणि सुरीने त्याचा मुकुट कापला. दाणे चांगले गडद भरले होते.

आता बेराखा म्हणायचा होता. नव्या फळासाठी देवाचे आभार मानतात तो. त्यांनी पहिला शब्द म्हटला आणि तिथेच अडले. टोपी सारखी केली, पुन्हा सुरुवात करायला गेले. मी त्यांच्या हातातल्या फळावर हात ठेवला.

"नका म्हणू," मी म्हटलं. "माती झडली होती. मला माहीत आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. सुरी खाली ठेवली.

"कधीपासून?"

"तुम्ही मला सांगितलं नाहीत तेव्हापासूनच म्हणा."

त्यांनी सुरीचं पातं फडक्याने पुसलं. मग म्हणाले, "तू इथे राहतेस, पण असतेस तिकडे. इतकी वर्षं मला ते दिसतंय, इलाना. एका डाळिंबाने काय होतंय, म्हटलं."

"तुमचं काय होईल ते देवाला ठाऊक. माझ्या गळ्याखाली उतरणार नाही."

"मग आणखी तीन वर्षं," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा झाला की माझा राग कुठल्या कुठे गेला. मला त्या क्षणी त्यांचं सगळं कळलं, पण मला ते त्यांच्या तोंडून हवं होतं. म्हणून विचारलं, तुम्हाला खरंच जायचंय का.

"भीती वाटते," ते म्हणाले. "इथे मी वर गेलो की मला काम असतं. पन्नास जिवांना माझी गरज असते. तिकडे मी कोण? सोफ्यावर बसलेला म्हातारा. म्हणून झाडावर ढकललं. झाड म्हणेल तेव्हा जाऊ, म्हटलं."

मी त्यांचा हात हातात घेतला. सणाच्या टेबलावर आम्ही असे हातात हात घेऊन बसत नाही. त्या दिवशी बसलो.

"आता माझं ऐका," मी म्हटलं. "हे फळ आपण खाणार नाही. आणि आपण जाणार आहोत. या दोन गोष्टींची गाठ तुम्ही बांधलीत, ती मी सोडते. झाडाची तीन वर्षं झाड काढील."

"कोण बघणार त्याला?"

"चारुता."

त्यांनी विचार केला. कापलेला मुकुट पुन्हा डाळिंबावर बसवून ते बशीत ठेवलं.

"तिला डाळिंबाचा ड्रम विटांवर चढवायला सांगावं लागेल," ते म्हणाले. "मुळं छाटायचीसुद्धा. माती न झाडता छाटता येतात. मीच घाबरलो."

एवढंच बोलले आणि हलवा पुढे ओढला. मला ते पुरलं.

सणाचे दोन दिवस संपल्यावर त्यांनी ती फळं पत्र्याच्या डब्यात पाल्याबरोबर जाळली, तोही नियमच. चारुताला शेजारी उभं करून सगळं सांगितलं. तीन वर्षं कळ्या खुडायच्या हे ऐकून ती म्हणाली, काका, मी काही तुमच्या धर्माची नाही, पण झाड तुमचं आहे. मी खुडीन. जुडाहनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच तिला ड्रमचं भोक दाखवायला वाकले.

मी तिथेच गच्चीच्या कठड्याला टेकून अविटलला फोन लावला. पडद्यावर तमार होती, मागे तिची आई.

"आई, डाळिंब खाल्लंत का?" अविटलने विचारलं. बाकी काही विचारायच्या आधी हेच. तीही चार वर्षं मोजत होती, हे मला तेव्हा कळलं.

"नाही खाल्लं," मी म्हटलं. "तरी येतोय."

तिला खरं वाटेना. ती पडद्याच्या अगदी जवळ आली आणि म्हणाली, बाबांना दे. मी फोन जुडाहच्या मातीने माखलेल्या हातात दिला. ते ताठ उभे राहिले, पडद्याकडे बघून दोनदा हो म्हणाले. पलीकडे ती रडायला लागली. त्यांना रडणं बघवत नाही, माझंही नाही अन् तिचंही नाही. मग त्यांनी तिला विचारलं, तुमच्या इमारतीच्या गच्चीचं पाणी कुठल्या बाजूला वाहतं.