राहिलेल्या अठरा गती

मित्रांनो, छडी म्हटले की तुमचे हात आपोआप पाठीमागे जातात, हे मला ठाऊक आहे. घाबरू नका. मी वाद्यवृंदाची जुनी छडी आहे. आयुष्यात मी कुणालाही मारलेले नाही. हवेत वर-खाली होऊन वीस वादकांना एका लयीत ठेवणे, एवढेच माझे काम.

माझा जन्म १९७१ साली भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये झाला. ज्योतीराम नावाच्या कामगाराने जेवणाच्या सुट्टीत लेथवर ॲल्युमिनियमची मूठ कातली आणि तिच्यात बारीक वेत बसवला. फोरमनची बोलणी खाल्ली, ती वेगळी. हा ज्योतीराम क्लॅरिनेट वाजवी. त्याने मला अर्जुनरावांसाठी घडवले. अर्जुनराव लष्कराच्या बँडमधून निवृत्त होऊन देहूरोडला राहत. कारखान्यांतले वादक गोळा करून त्यांनी वाद्यवृंद उभा केला होता. रोज कुणाची ना कुणाची शिफ्ट आड येई, म्हणून तालीम गुरुवारी, कारखान्यांच्या सुट्टीच्या दिवशी होई.

विसरले गेलेले संगीत पुन्हा वाजवायचे, हा अर्जुनरावांचा एकच ध्यास. ज्योतीरामचे वडील कोंडीराम पूर्वी एका लहान संस्थानाच्या वाद्यवृंदात होते. संस्थान गेले, वादक पांगले, कोंडीरामही वारले. मागे राहिली त्यांची वही. तिच्यात एकोणीस गती, म्हणजे वाद्यांवर वाजवायच्या रागदारी रचना, लिहिलेल्या होत्या. अर्जुनराव ज्योतीरामच्या घरी गेले, त्याच्या आईकडून, सुभद्राबाईंकडून, वही मागून घेतली, चहा प्यायले आणि परत आले.

वहीत सूर होते, पण गत किती जलद वाजवायची ते लिहिलेले नव्हते. अर्जुनरावांचे सारे आयुष्य परेडमध्ये गेलेले. त्यांनी पहिली गत कवायतीच्या वेगाने बसवली. मला अशी काही फिरवत, की माझा जीव घाबरा होई. पण लोक खूश! कंपनीच्या स्नेहसंमेलनात शिट्ट्या, टाळ्या, एकदा तर ढालही मिळाली. खरे सांगते, मी चांगलीच शेफारले होते.

१९७७ च्या संमेलनाला सुभद्राबाई पहिल्यांदाच आल्या. गत संपल्यावर पदर सावरत त्या थेट अर्जुनरावांसमोर उभ्या राहिल्या.

"मास्तर, गत तीच हाय, पर लई पळवली तुमी. राजा जेवाया बसला की आमचे हे ती वाजवायचे. त्याला घास चावाया येळ नको व्हय?"

ज्योतीराम ओशाळला. "आये, मास्तरांना काय शिकवतीस?"

"बाई, वहीत लय लिहिलेलीच नाही. मला कोण सांगणार होतं?" अर्जुनराव म्हणाले.

"वही न्यायला आलात तवा मी म्होरंच व्हते की."

अर्जुनरावांच्या हातातून मी पडता पडता वाचले. इतकी वर्षे वही सगळ्यांनी चाळली होती, सुभद्राबाईंना कुणी काही विचारले नव्हते.

अर्जुनरावांनी चूक कबूल केली. सुभद्राबाई दर गुरुवारी तालमीला येऊ लागल्या. मांडीवर हात मारून त्या लय दाखवत. संथ गत वाजवणे सोपे नव्हते. फुंकणाऱ्यांचा श्वास पुरेना. ट्रम्पेटवाले दौलतराव कुरकुरले, "मास्तर, ढाल जलद गतीला मिळालीय. लोक उठून जातील राव."

पुढच्या संमेलनात अर्जुनरावांनी संथ गतच घेतली. मला स्टँडवर ठेवले आणि पहिल्या रांगेतल्या सुभद्राबाईंच्या हाताकडे पाहत नुसत्या पंजाने इशारे दिले. मला राग आला, लपवत नाही. लोक खरोखरच उठून चहाला गेले. ढाल दुसऱ्यांनी नेली. पण ज्योतीरामचा शेवटचा लांब सूर थांबला, तेव्हा सुभद्राबाई रडत होत्या. "लई वर्सांनी ह्यांची फुंक ऐकली," त्या म्हणाल्या. मग माझा राग टिकला नाही.

"ऱ्हायलेल्या अठरा बी सांगते सवडीनं," असा शब्द त्यांनी दिला. पण सवड होती कुणाला? कारखान्यात ओव्हरटाइम सुरू झाला, मग दिवाळी आली, तालमी दोन महिने पुढे ढकलल्या. त्याच थंडीत तापाचे निमित्त झाले आणि सुभद्राबाई गेल्या.

अंदाजाने वाजवायचे नाही, असे अर्जुनरावांनी ठरवले. त्या अठरा गती त्यांनी कधीच हातात घेतल्या नाहीत. ते थकले, १९८१ मध्ये वाद्यवृंदही मोडला. आता वही आणि मी ज्योतीरामच्या पत्र्याच्या कपाटात असतो. तो वहीत दरवर्षी कडुनिंबाचा पाला घालतो. एकही पान फाटलेले नाही.

मित्रांनो, वही जपावी, जरूर जपावी. पण तिच्यातल्या अठरा गती कशा वाजवायच्या, हे आज कुणालाच ठाऊक नाही. ज्यांना ठाऊक होते त्या सहा वर्षे आमच्या तालमीपासून दोन गल्ल्या पलीकडे भाकरी भाजत होत्या. तुमच्या घरात, शेजारात असे कुणी असेल, तर आजच त्यांच्याजवळ जाऊन बसा आणि विचारा.