एकोणऐंशी खटके

मेजावर एक रायफल होती. तिच्यावर एक दुर्बीण, पुढे दोन पायांचा टेकू, शेजारी निळ्या पुठ्ठ्याची वही आणि पन्नास खणांची प्लास्टिकची डबी. डबीत एकेचाळीस भरलेली काडतुसं होती आणि नऊ रिकाम्या पुंगळ्या, तोंड खाली करून ठेवलेल्या. तिंकाराने दोनदा मोजलं. मग वहीतली शेवटची नोंद पुन्हा वाचली: ‘नवी डबी, पन्नास भरली. या नळीतून आजवर ११८४.’ खाली नऊ वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरातली तारीख. त्यापुढची पानं कोरी होती.

वहीचा मालक त्सिरिल त्याच महिन्यात वारला होता. वारलेल्या माणसाच्या डबीतली नऊ काडतुसं कुणी उडवली?

स्वयंपाकघरातून कॉफी उतू गेल्याचा वास येत होता आणि त्यावर त्सिरिलच्या बायकोची, रोझालियाबाईंची, चिडचिड ऐकू येत होती. तिंकाराने नळीच्या तोंडाशी नाक नेलं. जुन्या तेलाचा वास यायला हवा होता. आला तो ताज्या, जळक्या दारूचा.

ती सरळ उभी राहिली. नऊ पुंगळ्या एकेक करून खिडकीच्या उजेडात धरल्या. पहिली चॉकलेटी, जवळजवळ काळी. दुसरी तिच्याहून थोडी उजळ. असं करत करत नववी सोन्यासारखी पिवळीधमक. पितळ हवेत राहिलं की काळवंडतं, आणि एकेका वर्षाची पायरी अशी वेगळी ओळखता येते. याचा अर्थ नऊ गोळ्या एका दिवसात झडल्या नव्हत्या.

ही रायफल घ्यायची की नाही, हे आता या नऊ पुंगळ्यांवर ठरणार होतं. दीड वर्ष क्लबाच्या उसन्या रायफलीवर शिकून झालं होतं, आणि स्वतःच्या पहिल्या रायफलीसाठी तिने सोळाशे युरो बाजूला ठेवले होते. अकरा रायफली आणि चौदा दुर्बिणींचा तक्ता केला होता. क्लबातल्या म्हाताऱ्या विंकोने तो बघून सुस्कारा सोडला होता.

“तक्ते नवरा निवडताना कर. इथे साधं गणित. निम्म्याहून जास्त पैसे दुर्बिणीत घाल. रायफल आत्ताच तुझ्यापेक्षा नीट मारते, तिची चिंता सोड. पण अंतराप्रमाणे नेम उचलायची चकती फिरवली आणि आतली भिंगं हललीच नाहीत, तर हजार मीटरवर तुला डोंगरसुद्धा लागणार नाही.”

मग सूचनाफलकावर ही चिठ्ठी दिसली. पोडस्तेना गाव, दुर्बिणीसकट रायफल, दीड हजार. नुसती तसली दुर्बीण नवी घ्यायची तर तेवढ्यात येत नाही.

“इतकं स्वस्त म्हणजे एक तर नळी संपलेली, नाहीतर मालक,” विंको हसला. मग चिठ्ठीखालचं नाव वाचून त्याने टोपी काढली. “त्सिरिलची बायको होय. मग मालकच. जा, बघून ये. तो माणूस हवेचा दाबसुद्धा लिहून ठेवायचा. वहीत जे असेल ते खरं.”

वहीत बाराशेच्या आत गोळ्या, म्हणजे नळीत निम्म्याहून जास्त आयुष्य बाकी. पण हवेचा दाब लिहिणारा माणूस नऊ गोळ्या विसरत नाही. वही नऊने चुकली असेल, तर नऊशेनेही चुकली असेल.

तिने आपल्या वहीत सगळं टिपलं. दुर्बिणीच्या वरच्या चकतीवरचा आकडाही टिपला: ७.९. मग, क्लबात पहिल्या दिवसापासून अंगवळणी पाडतात तसं, परकी रायफल हातात आल्यावर चकती शून्यावर आणून ठेवली. कुणाचीही रायफल असो, आदल्याचं अंतर तिच्यावर ठेवायचं नाही, हा शिरस्ता. बोटांनी तो तिच्या नकळत पाळला. खट खट खट.

“काय केलंस!”

रोझालियाबाई दारात उभ्या होत्या. हातात कॉफीचा ट्रे होता. त्यांनी ट्रे जमिनीवरच ठेवला आणि मेजाशी येऊन चकतीकडे पाहिलं, देवघरातली समई कुणी फुंकून विझवावी तसं.

“त्याने लावून ठेवलं होतं ते. शेवटचं. नऊ वर्षं मी धूळ पुसताना त्याला फडकंसुद्धा लागू दिलं नाही. आणि तू आलीस आणि...”

“सात पूर्णांक नऊ होतं, गोस्पा. लिहून घेतलंय.”

“नक्की?”

“दोनदा पाहिलं. एकोणऐंशी खटके. परत लावता येईल.”

बाई खुर्चीत बसल्या. “गोस्पा, बाईसाहेब वगैरे बँकेत म्हण,” त्या म्हणाल्या. “इथे मावशी, तेता म्हण. आणि ती कॉफी उचल, माझे गुडघे वाकत नाहीत.”

तिंकाराने कॉफी उचलली, पोटित्सा या अक्रोडाच्या गोड पावाचा काप घेतला, आणि मग विचारलं, “तेता, नऊ काडतुसं कुणी उडवली?”

“मी. दुसरं कोण? जंगल खात्यात सत्तावीस वर्षं काढलीत, परवाना आहे माझा. दर वर्षी तो गेला त्या तारखेला एक, यंदाची आठ दिवसांपूर्वी. बाकी गाव दुसऱ्या दिवशी, मृतांच्या सणाला, दफनभूमीत मेणबत्ती लावतं. मीही लावते. पण आधी ही एक.”

“वहीत लिहिलं नाहीत.”

“ती त्याची वही आहे,” बाई इतक्या साधेपणाने म्हणाल्या की तिंकाराला आपला प्रश्नच उद्धट वाटला.

म्हणजे वही खरी होती, नळी चांगली होती. पैसे मोजायचे आणि निघायचं, एवढंच उरलं होतं. पण बाई उठल्या नाहीत. खिडकीबाहेर बोट दाखवलं. घळीपलीकडे, पांढऱ्या कड्याखाली, चुन्याच्या जुन्या भट्टीचं काळं तोंड दिसत होतं.

“आठशे सत्तर मीटर. क्लबाची मंजूर जागा आहे ती, त्यानेच करून घेतली. भट्टीच्या आत मागे चिखलाची भिंत घातली आणि पुढे पोलादाचा तवा टांगला, दोन साखळ्यांनी. बार काढायचा आणि कान टवकारून थांबायचं. लागला की वाजायचा. मी इथे भांडी घासत असायचे. न वाजलं तर ओरडून विचारायचे, आज कुणाच्या बायकोकडे लक्ष होतं? वाजला की म्हणायचा, जेवण वाढ.”

“आणि आता?”

“आता मी मारते. वाजतो.”

“मग चांगलंच आहे की.”

“दार्याला तसं वाटत नाही.” दार्या म्हणजे त्यांची मुलगी, मारिबोर शहरात असते. “गेल्या आठवड्यात तिला बोलून बसले. ती म्हणाली, आई, तुला डाव्या कानाने ऐकूच येत नाही, उजवा निम्मा गेलाय, भट्टीतला तवा कसला ऐकतेस? डॉक्टरनेही तेच सांगितलं. मेंदू म्हणे आठवणीतून आवाज भरतो. मग आमचं ठरलं. आवाज माझ्या डोक्यातला असेल, तर नाताळाआधी घर बंद करून मी तिच्याकडे जाणार. म्हणून ही चिठ्ठी लावली. तू फोनवर काय म्हणालीस, काय करतेस तू?”

“कारखान्यात वॉशिंग मशीनचा आवाज मोजते.”

“म्हणजे कान विकून खातेस.”

“माइक विकून. कानावर आमच्यात कुणी विश्वास ठेवत नाही.”

“मलाही तेच हवंय.” बाई पुढे झुकल्या. “आज दहावी मारते. तू मोज. आवाज नसेल, तर रायफल तुझी, दीड हजारात, काडतुसांसकट. आणि असेल, तर मी इथून हलणार नाही, आणि रायफलही नाही. पेट्रोलचे पैसे देईन. कबूल?”

तिंकाराने रायफलीकडे पाहिलं. तक्त्यातल्या अकरापैकी एकही हिच्या जवळपास नव्हती. आवाज निघाला, तर ती रिकाम्या हाताने परत जाणार होती. आठशे सत्तर मीटर, निम्मा कान, पंचाहत्तरीच्या बाई. आवाज निघण्याची शक्यता तिने मनात मांडली आणि “कबूल,” म्हणाली. मग त्या मांडणीची तिला जराशी लाज वाटली.

“त्यांचा जुना एखादा व्हिडिओ आहे, तव्याच्या आवाजाचा?”

होता. त्सिरिलच्या शेवटच्या वाढदिवसाचा, जुलैमधला, दार्याने काढलेला. पाठमोरा रुंद माणूस, बार, शांतता, मग लांबून एक बारीक, स्वच्छ टण्ण. कुणीतरी टाळी वाजवली. “जेवण वाढ!” तो माणूस न वळता ओरडला. रोझालियाबाई स्वयंपाकघरात निघून गेल्या.

तिंकाराने फोनवर आवाजाचा आलेख काढला. बार आणि टण्ण यांत ३.८९ सेकंद. आवाजाचा मुख्य सूर ११४० हर्ट्झ. गोळीचा प्रवास एक पूर्णांक चार, बाकी वेळ आवाजाला परत यायला. हिशेब चोख जुळत होता. आजच्या सहा अंशांच्या हवेत आवाज थोडा हळू चालेल, म्हणजे चार सेकंदांच्या आसपास. गोळी दगडावर बसली तरी साधारण त्याच वेळी आवाज येईल, पण तो धप्प असेल. दगडाला सूर नसतो. तेव्हा वेळेपेक्षा सूर महत्त्वाचा.

“मी आधी भट्टी बघून येते,” ती म्हणाली. “कुणी माणूसबिणूस नाही ना, तेही बघते.”

“जा. पुराने पूल नेलाय, खालून ओढ्यातून जा. मला जमत नाही, सहा वर्षं झाली. आणि पोरी, तिथे जे दिसेल ते मला आधी सांगू नकोस. बार झाल्यावर सांग.”

ओढा ओलांडून वर चढायला चाळीस मिनिटं लागली. भट्टीशी वारा अजिबात नव्हता. समोरच्या उतारावर गाव दिसत होतं, दफनभूमीत आठवड्यापूर्वीच्या शेवंतीचा पिवळा पट्टा दिसत होता. भट्टीच्या कमानीत लोखंडी तुळई होती. तुळईला दोन आकडे. डाव्या आकड्याला साखळीच्या तीन कड्या, उजव्याला पाच. शेवटच्या कड्या गंजून उघडलेल्या.

तवा नव्हता.

तिने खाली पाहिलं, मागे पाहिलं, भट्टीभोवती फिरून झुडपांत काठी घालून पाहिली. तुटलेल्या कड्यांच्या टोकांवरही जुनाच, पापुद्र्यांचा गंज होता. तवा कधीचा गेला होता, कुठे गेला हे सांगायला काही उरलं नव्हतं.

मागची चिखलाची भिंत शाबूत होती. तिंकाराने टॉर्च लावून ती वीत वीत तपासली. जुन्या गोळ्यांची भोकं पावसाने बुजली असतील, हे ठीक. पण नववी गोळी आठच दिवसांपूर्वीची होती. भिंतीवर एकही भोक नव्हतं. कमानीच्या दगडांवर ताजा टवका नव्हता. तेतांची गोळी भट्टीत आलीच नसावी. डोंगरात कुठेतरी मुरली असेल, आणि टण्ण त्यांच्या कानात वाजला असेल.

तर रायफल तिची झाली होती. ती थोडा वेळ तुळईखाली उभी राहिली. आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी ती भराभर खाली उतरली, ओढ्यापाशी वाटेवर धोक्याचं लाल निशाण लावायला तेवढी थांबली.

रोझालियाबाईंनी परसातल्या लाकडी माचावर सतरंजी अंथरली होती. केस विंचरले होते. तिंकाराच्या चेहऱ्याकडे त्यांनी मुद्दाम पाहिलं नाही.

“लाव,” त्या म्हणाल्या.

तिंकाराने चकती धरली. एक, दोन, तीन. दोघी मिळून मोजू लागल्या. बाईंचे ओठ नुसते हलत होते. सत्तरीनंतर तिंकाराची बोटं मंदावली. सत्त्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर, एकोणऐंशी. सात पूर्णांक नऊ.

“हाच आवाज यायचा,” बाई म्हणाल्या. “त्याच्या बोटांखाली.”

त्या पालथ्या झाल्या, कण्हत, शिव्या देत. खांदा दस्त्याला लागला आणि कण्हणं थांबलं. तिंकाराने माइक माचाच्या कडेला लावला, फोनवर मोजणी सुरू केली आणि कानांवर संरक्षक चढवले. दुर्बिणीतून भट्टीचं तोंड दिसत असेल, नुसतं काळं. तिथे काय नाही, ते दोघींपैकी एकीलाच माहीत होतं.

बार झाला. चिमण्या उडाल्या. मग काहीच नाही. तिंकाराने मनात मोजायचं नाही असं ठरवलं होतं, तरी मोजलं.

पुंगळी सतरंजीवर पडून थंड झाली, तरी बाई तशाच पडून होत्या. गाल दस्त्याला, डोळे मिटलेले. मग त्यांनी मान वळवली.

“मला ऐकू आलं,” त्या म्हणाल्या. “तुझ्या यंत्राला?”

तिंकाराने संरक्षक काढले. फोन हातात घेतला, आलेख बोटांनी मोठा केला. पहिलं शिखर बार झाला तेव्हाचं. त्यानंतर सपाट रेघ. मग दुसरं शिखर. तिने दुसऱ्या शिखराचा सूर काढला, पुसला, पुन्हा काढला.

“पोरी, वाच. जे असेल ते.”

तिंकाराने वाचलं.

“चार पूर्णांक शून्य एक सेकंद. अकराशे चाळीस हर्ट्झ.”