वसूल व्हायला बारा वर्षं

सोलर पॅनेलवाल्याने जिन्याच्या वळणावर आपसूक डोकं खाली घातलं, आणि तिथेच मीटरसाहेबांच्या मनात पाल चुकचुकली.

त्या वळणावर एक तुळई फार खाली आलेली होती. घरात नवा आलेला प्रत्येक माणूस तिथे कपाळमोक्ष करून घ्यायचा; जावईबापूंनी तर दोनदा करून घेतला होता. हा बेटा मात्र फोनवर बोलत बोलत सरळ गच्चीवर पोचला.

साहेबांची सगळी नोकरी फेरफार केलेले विजेचे मीटर पकडण्यात गेली होती. निवृत्त झाल्यावर बाकी सगळं सुटलं, संशय तेवढा उरला.

वर आभाळ नेहमीसारखंच मळकं होतं. पॅनेलवाल्याने त्याच्याकडे एकदा पाहिलं. मोजायची टेप कमरेच्या पट्ट्यालाच अडकवलेली राहिली.

"काका, खरं सांगू? नका लावू. इथे बाराही महिने ढग."

"ढगातही चालतात असं तुमच्याच पत्रकात छापलंय."

"चालतात हो, कमी चालतात इतकंच. पण पैसे वसूल व्हायला दहा-बारा वर्षं जातील."

"मग जाऊ देत की!"

"बारा वर्षं थांबून तुम्हाला काय करायचंय, काका?" असं म्हणून तो नजर चुकवत जिन्याकडे वळला.

विकायला आलेला माणूस 'घेऊ नका' म्हणतो? तेही छत न मोजता? साहेबांनी असले साळसूद चेहरे ढिगाने पाहिले होते.

खरं तर त्यांना पॅनेल हवी होती ती एकाच कारणासाठी. बायको थंडीने काकडायची, पण यांची पाठ वळली की हीटर बंद करायची. 'बिल काय तुमचा मेव्हणा भरणार?' असं वर विचारायची. वीज घरचीच झाली की ही कोणत्या तोंडाने बटण दाबते ते बघू, असा त्यांचा बेत होता.

खाली बायकोने चहा आणला. साहेबांच्या कपात दोन चमचे साखर घातली. पॅनेलवाल्याला मात्र न विचारता बिनसाखरेचा दिला. त्याने तो घाईघाईने संपवला आणि निघून गेला.

साहेबांनी दाराला कडी घातली.

"हा आधी कधी येऊन गेला?"

"कोण, हा? छे!"

"तुळई चुकवली त्याने. आणि तो साखर घेत नाही हे तुला कुणी सांगितलं? त्याला नाही म्हणायला तूच शिकवलंस ना?"

"जन्मभर लोकांच्या मीटरमध्ये नाक खुपसलंत, आता बायकोच्या मागे लागा!"

एरवी साहेब हसले असते. आज ते खुर्चीची पाठ धरून उभे राहिले.

"अगं, माझं काही आहे का? तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टर तुझ्याशी बाजूला बोलत होते. मी बारा वर्षं काढत नाही, असंच ना? सांगून टाक. मी घाबरत नाही."

ते चांगलेच घाबरले होते.

"तुम्हाला काय धाड भरलीय?" ती म्हणाली. "ठणठणीत आहात तुम्ही. शपथ."

साहेबांनी सुटकेचा श्वास सोडला, आणि तो अर्ध्यातच अडकला. तपासणीला दोघंही गेले होते.

तिने शाल घट्ट ओढून घेतली.

"तेवढे पैसे हाताशी असू देत म्हटलं. तुम्हाला पुढे एकट्याला लागतील."

साहेबांनी हीटर लावला आणि तिची खुर्ची जवळ ओढली. सवयीने तिचा हात बटणाकडे गेला. साहेबांनी तो धरला आणि दुसऱ्या हाताने फोन लावला.

"पॅनेल लावायची आहेत."

"पण काका, वसूल व्हायला…"

"वसुलीचं राहू दे," साहेब म्हणाले. "ही थंडी सरायच्या आत लावून होतील का, तेवढं सांग."