धडक्या पडद्याचं ठिगळ

"रणमेघच्या शेल्यावरचं ठिगळ कुठाय?"

मित्रांनो, हा प्रश्न प्रज्ञाने भरल्या तंबूत विचारला. तोही साधासुधा नाही, भोंग्यावर! मध्यंतर झालं होतं. माईक खुर्चीवर मोकळा पडला होता आणि तिची मैत्रीण ज्योत्स्ना तिला कोपराने ढोसत होती, "एवढी शहाणी हायेस ना, मग माईकवर इचारून दाव! न्हाईतर भित्री म्हण सोताला." नववीतल्या पोरीला भित्री म्हटल्यावर ती थांबते होय? प्रश्न आणे गावच्या पठारावर घुमला. लगेच अख्खा तंबू ओरडायला लागला, "ठिगळ कुठाय? ठिगळ कुठाय?"

मी हे सगळं समोरून पाहिलं. कारण मी एक जुना पडदा आहे. फिरत्या तंबूतल्या सिनेमाचा.

माझा जन्म जुन्नरच्या एका शिंप्याकडे झाला. मांजरपाटाचे सहा पन्ने जोडून, कडेला दोरी ओवायच्या कड्या लावून त्याने मला उभा केला. शिनोलीच्या तंबूवाल्या भागुजींनी मला विकत घेतलं त्याच वर्षी त्यांच्या घरी प्रज्ञा झाली. म्हणून आम्ही एका वयाचे, असं मी मानतो. खेळ संपला की माझी घडी घालायचे आणि त्या घडीवर तिला निजवायचे. माझ्यावर किती राजे लढले, किती नट्या नाचल्या, पण पोरीच्या लाळेचा डाग मला सगळ्यात प्यारा आहे. तो अजून आहे, उजव्या कोपऱ्यात.

मी पुष्कळदा फाटलो. वाऱ्याने फाटलो, उंदरांनी कुरतडलो, एकदा बैल शिरला तंबूत. दर वेळी द्रौपदाबाई, म्हणजे प्रज्ञाची आई, मागच्या बाजूने पांढरं कापड लावून मला सांधायची. दुरून कुणाला टाका दिसायचा नाही. "पडद्याचं दुखणं पडद्यानंच झाकायचं," असं ती म्हणे. मलाही तेच बरं वाटायचं. माझ्याकडे कुणी बघू नये, माझ्यावरचं बघावं.

मग घराघरांत केबल आलं, पुढे सीडी आल्या. यात्रेला तंबू लागायचा, पण पुढच्या चार रांगाच भरायच्या. काही वर्षं तर मी माळ्यावर पडून होतो. मित्रांनो, पडद्याला अंधाराची भीती नसते, अंधार तर आमचा सोबती. भीती वाटते ती उजेड न येणाऱ्या अंधाराची.

अशात रणमेघचा सिनेमा निघाला. रणमेघ माहीत नाही? नारायणगावच्या एसटी स्टँडवर त्याची चित्रांची पुस्तकं मिळायची. भागुजींनी प्रज्ञाला एकेक करून सगळी आणून दिली होती. पहिल्याच पुस्तकात धरण फुटतं, रणमेघ गाव वाचवतो आणि त्याचा निळा शेला डाव्या खांद्यावर फाटतो. त्याची आई आपल्या पिवळ्या लुगड्याचा तुकडा कापून तिथं ठिगळ लावते. पुढे कितीही मोठा राक्षस येवो, रणमेघ दमला की आधी त्या ठिगळाला हात लावणार आणि मगच उठणार! आता बाप्ये झालेल्या कितीतरी जणांनी लहानपणी गणिताच्या पेपराआधी आपल्या डाव्या खांद्याला हात लावलेला आहे.

भागुजींनी सिनेमाची घासलेली प्रिंट मिळवली आणि आण्याच्या यात्रेत तंबू ठोकला. द्रौपदाबाईला त्यांनी सांगून ठेवलं होतं, "दोन दिवसांचं हाये. चाललं तर चाललं. न्हाईतर पडदा निमगावच्या पावण्यांना कांद्यावर झाकायला देऊन टाकू." हे मी ऐकलं. प्रज्ञानेही ऐकलं.

पहिल्या दिवशी तंबू गच्च भरला! यात्रेतल्या आमटी-भाकरीच्या पंगतीवरून माणसं थेट माझ्यापुढे आली. निमगाव सावाचा राकेश तर खताच्या पिशवीत सगळी पुस्तकं घेऊन आला होता. ट्रॅक्टर चालवणारा तगडा गडी, पण पिशवी मांडीवर अशी धरली होती, जणू आत अंडी होती.

आणि सिनेमातला रणमेघ आला. शेला निळा नव्हता, चांदीच्या वर्खासारखा चकचकीत होता. नवा कोरा. ठिगळ नाही. लोक चुळबुळले, तरी बसून राहिले. मध्यंतरात मात्र प्रज्ञाने तो प्रश्न विचारला आणि दारूला काडी लागली. "चवथीपासून वाचतोय राव," राकेश उभा राहून ओरडला, "आन आईचं ठिगळच काढून टाकलं? ह्यो आमचा न्हाईच!" तो निघाला. त्याच्यामागे अर्धा तंबू निघाला.

भागुजी तिला रागावले नाहीत. "खोटं काय इचारलं तिनं," एवढंच म्हणाले आणि निमगावच्या पावण्यांना निरोप धाडायला गेले. रागावले असते तर प्रज्ञाला सोसलं असतं. ती उरलेला सिनेमा एकटीच, हुंदके देत, पण डोळे उघडे ठेवून बघत होती. शेवटच्या प्रसंगात ती एकदम ताठ झाली. हुंदका अर्ध्यातच थांबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्याजवळ आली. जमिनीवर मला अंथरलं, पावलांनी मोजलं, डावीकडून तिसऱ्या जोडापाशी कोळशाची खूण केली आणि दाभणाने माझ्या अंगावर वीतभर पिवळं कापड शिवायला बसली. मी धडका होतो हो तिथं! एक भोक नव्हतं!

संध्याकाळी मला वर चढवलं आणि भागुजी कपाळाला हात लावून उभेच राहिले. "आगं, धडक्या पडद्याला ठिगळ? आन तेबी पुढनं?"

द्रौपदाबाईचं लक्ष भलतीकडेच होतं. "कारटे! माझ्या लुगड्याचा पदर कापलास?"

"रणमेघच्याबी आईचंच व्हतं," प्रज्ञा म्हणाली. भागुजी मला खाली उतरवायला दोरीकडे गेले, तर द्रौपदाबाईनेच त्यांचा हात धरला. "ऱ्हाऊ द्या. लुगडं गेलंच हाये. बघू तरी."

तोवर प्रज्ञा माईकवर पोचलीसुद्धा. "काल ठिगळ कुठाय असं मीच इचारलं व्हतं. आज मीच दावते. पण शेवटपत्तुर बसायचं! न्हाई दिसलं तर मला काय बोलायचं ते बोला."

लोक आले, खरं म्हणजे तिला बोलायलाच आले. राकेश पिशवीसकट पहिल्या रांगेत. खेळ सुरू झाला आणि काय माझी फजिती! ते पिवळं ठिगळ कधी खलनायकाच्या नाकावर बसे, कधी नटीच्या गालावर, कधी घोड्याच्या पार्श्वभागावर. "ह्येच का गं तुझं ठिगळ?" राकेश ओरडला. तंबू खदखदून हसत होता. सगळं आयुष्य स्वतःला लपवण्यात गेलेला मी. शरमेने आकसायची सोय असती तर रुमालाएवढा झालो असतो.

शेवटचा प्रसंग आला. रणमेघ दमून धरणाच्या भिंतीवर पाठमोरा उभा राहतो. प्रज्ञा आणि ज्योत्स्ना माझ्या मागे दोऱ्या धरून उभ्या होत्या. मशीनवरचे जानकूआबा, नजर मंद झालेले म्हातारे, डोळे बारीक करून तिकडून हाक देत होते, "वाईच डावीकडं! आजून!" पोरींनी मला चार बोटं ओढलं आणि ठिगळ सरकत गेलं, सरकत गेलं, आणि चंदेरी शेल्यावर बरोबर डाव्या खांद्यावर जाऊन बसलं.

पुढच्या रांगांतले लोक उठून उभे राहिले.

तेवढ्यात सिनेमातला वारा सुटला. शेला घसरायला लागला, आणि त्या नटाने, ज्याला आमच्या ठिगळाची काही खबर नव्हती, शेला सावरायला उजवा हात डाव्या खांद्यावर ठेवला. ठिगळावर! प्रज्ञाने काल हेच हेरलं होतं.

मित्रांनो, अशी शिट्टी मी चौदा वर्षांत ऐकली नव्हती. राकेश पुस्तक उघडून धावत माझ्यापाशी आला, एकदा चित्राकडे आणि एकदा माझ्याकडे बघत राहिला. "डावा खांदा! आरं, बरुबर डावा! आला, आमचा आला!" कितीतरी हात आपापल्या खांद्यांवर गेले होते. भागुजींचाही.

लोकांनी तो शेवट पुन्हा लावायला लावला. बेल्ह्याची मंडळी भागुजींना आपल्या यात्रेचं आवतण देऊन गेली.

मित्रांनो, जुन्या वस्तूला सांधा, जपा, हे तर खरंच. पण एखादा टाका दिसू द्या. मला ज्यांनी ज्यांनी शिवलं, त्यांची माया मी इतकी वर्षं पाठीमागे लपवून हिंडलो. त्या दिवशी पहिल्यांदा ती पुढे आली, तर लोक उठून उभे राहिले.

खेळ संपल्यावर सवयीने द्रौपदाबाई कात्री घेऊन ठिगळ उसवायला आली. भागुजी दोरी सोडत होते. प्रज्ञा माझ्या पुढ्यात हात पसरून उभी राहिली, केसांत भुसा, बोटांना दाभण टोचल्याच्या खुणा.

"आई, कात्री ठेव. अप्पा, निमगावच्या पावण्यांना सांगा, कांद्यावर दुसरं कायबी झाका. येत्या सुट्टीपासनं जानकूआबांकडून मशीन मी शिकणार. दहावीबी करणार आन तंबूबी चालवणार. ठरलं माझं!"